खंदकवेष्टित वाडे, इंग्लंडमधील

मध्ययुगीन इंग्लंडच्या ग्रामीण भागात राहते घर व त्याचे आवार पाण्याने भरलेल्या रुंद चराने वेढण्याची पद्धत होती. अशी सुमारे ६,००० स्थळे ज्ञात असून ती मुख्यतः मध्य व पूर्व भागांत, विशेषतः सफक, एसेक्स यांसारख्या चिकणमातीच्या परगण्यांत आढळतात. बहुतेक खंदक साधारणपणे १२५० ते १३५० या काळात खोदले गेले असावेत.

अशा खंदकासाठीचा इंग्रजी ‘मोट’ हा शब्द जुन्या फ्रेंचमधून आला. तेथे त्याचा अर्थ खड्डा नव्हे, तर मातीचा उंचवटा असा होता. चर खोदताना निघालेली माती बऱ्याचदा आतल्या बाजूला टाकून चौथरा उंच करीत. त्यामुळे उंचवट्याचे नाव शेजारच्या चराला चिकटले असावे. (विहिरीवरच्या आपल्या मोटेशी त्याचा संबंध नाही.) केंटमधील ‘आयटम मोट’ या चौदाव्या शतकातील वाड्याच्या नावात मात्र काहींना ‘मूट’, म्हणजे सभा, हा शब्द दिसतो. वाडा आजही पाण्यात उभा असताना तितक्या लांब जाण्याची गरज वाटत नाही.

खंदकांच्या प्रयोजनाबद्दल मतभेद आहेत. त्यांनी चोर व मोकाट गुरे अडत, सैन्य नव्हे. मासे पाळणे, आगीच्या वेळी पाणी हाताशी असणे, दमट जमिनीचा निचरा होणे हे फायदे खरे. पण तेवढ्यासाठी एवढी खोदाई कोणी केली असती असे वाटत नाही. तटावर दंतुर कठडे बांधण्यासाठी राजाचा परवाना घेण्याची प्रथा होती. खंदकाला तसे काही लागत नसे. त्यामुळे सरदारी थाटाची नक्कल हे कारण आज अधिक ग्राह्य मानले जाते. वॉरिकशरमधील आर्डेन भागात जंगल तोडून नवी शेते काढणाऱ्या स्वतंत्र कुळांनीही खंदक खोदले होते. गावात जमीनदार आणि वेठबिगार एवढे दोनच थर नव्हते, हे त्यावरून दिसते.

तळाच्या गाळात हवा पोचत नसल्याने एरवी कुजून जाणाऱ्या वस्तू टिकतात: जोड्यांचे झिजलेले चामडी तळवे, लाकडी वाडगी, फळांच्या आठळ्या, तणांचे बी. यॉर्कशरमधील काउइक येथे १९७६ मध्ये खंदक उपसताना असे अवशेष हाती आले. अर्थात हा कचरा प्रामुख्याने आत राहणाऱ्यांचा होय. चर खणणाऱ्या मजुरांबद्दल त्यातून फारसे कळत नाही.

आयर्लंडच्या आग्नेय भागातील अँग्लो-नॉर्मन (इंग्लंडमधून आलेल्या नॉर्मन सरदारांच्या) वसाहतींतही असे वाडे आहेत. तेथे संरक्षणाचा हेतू अधिक संभवतो.