अंधारातली चमक आणि जुन्या घड्याळाचं खरं वय

नोव्हेंबर २०२१ मध्ये जिनिव्हातल्या एका लिलावात १९५७ सालचं म्हणून मांडलेलं, ओमेगा कंपनीचं स्पीडमास्टर नावाचं मनगटी घड्याळ ३१ लाख स्विस फ्रँकहून जास्त किमतीला विकलं गेलं. अंदाज होता फार तर १ लाख २० हजारांचा. मूळची काळी तबकडी काळाच्या ओघात चॉकलेटी झालेली होती, आणि संग्राहक अशा रंगासाठी वाटेल ती किंमत मोजतात. ते विकत घेतलं खुद्द ओमेगाने, आपल्या संग्रहालयासाठी. जून २०२३ मध्ये त्याच कंपनीने जाहीर केलं, की हे घड्याळ निरनिराळ्या जुन्या घड्याळांचे भाग जोडून तयार केलेलं आहे आणि त्यात कंपनीच्या तीन माजी कर्मचाऱ्यांचा हात होता.

अशा जोडघड्याळाला संग्राहक 'फ्रँकेनवॉच' म्हणतात. त्यातले बहुतेक भाग अस्सलच असतात. म्हणून जुनं महागडं घड्याळ घेताना 'अस्सल की नक्कल' एवढंच विचारून भागत नाही. केस (म्हणजे बाहेरचं धातूचं कवच), तबकडी, काटे आणि आतलं मशीन एकाच काळातले आहेत का, हे तपासावं लागतं. या तपासणीत मला सर्वांत मोलाचा वाटतो तो काट्यांवरचा आणि आकड्यांवरचा अंधारात चमकणारा लेप, कारण त्याचं वय भौतिकशास्त्राच्या नियमांनी बांधलेलं आहे.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या लेपात रेडियम असे. त्यातून निघणारे कण लेपातल्याच झिंक सल्फाइडवर आदळत आणि प्रकाश पडे. रेडियम-२२६ चं अर्धायुष्य, म्हणजे ते निम्मं उरायला लागणारा काळ, सुमारे १६०० वर्षं, त्यामुळे ते आजही जवळपास तेवढंच किरणोत्सारी आहे. झिंक सल्फाइड मात्र त्या माऱ्याने काही वर्षांतच निकामी होतं. म्हणजे खरी रेडियमची तबकडी आज अंधारात चमकत नाही, पण किरणोत्सार मोजणारा गायगर काउंटर जवळ नेला की तो टिकटिकू लागतो. १९५० च्या दशकातलं, मूळ लेप असलेलं म्हणून विकलं जाणारं चमकत्या आकड्यांचं घड्याळ या यंत्रापुढे गप्प बसलं, तर तो लेप मूळचा असण्याची शक्यता फार कमी. आणखी एक खूण असते. घड्याळ वर्षानुवर्षं बंद पडून राहिलं, तर काट्यांवरच्या रेडियमने तबकडीवर करपल्यासारखा डाग उमटतो. त्या डागाचा आकार आजच्या काट्यांशी जुळला नाही, तर काटे बदललेले आहेत. अशी घड्याळं घरी उघडू नयेत, लेप तर मुळीच खरवडू नये. ती धूळ श्वासावाटे शरीरात जाणं धोक्याचं आहे.

१९६० च्या दशकात रेडियमची जागा ट्रिटियमने, म्हणजे हायड्रोजनच्या किरणोत्सारी रूपाने, घेतली. अशा बहुतेक तबकड्यांवर खाली 'स्विस मेड'च्या दोन्ही बाजूंना बारीक 'टी' हे इंग्रजी अक्षर असतं. ट्रिटियमचं अर्धायुष्य १२.३ वर्षं. ४९ वर्षांत ते चार वेळा निम्मं होतं, म्हणजे सोळावा भाग उरतो. त्याचे बीटा कण इतके दुबळे, की ते काचेबाहेर येत नाहीत आणि काउंटर शांत राहतो. अशा लेपावर अतिनील टॉर्च मारला तर तो थोडा उजळतो आणि टॉर्च बंद केला की लवकरच विझतो. याउलट १९९० च्या दशकात आलेलं स्ट्राँशियम अ‍ॅल्युमिनेट किरणोत्सारी नाही. ते प्रकाश साठवून तासन्‌तास चमकतं. १९७० सालचं म्हणून दाखवलेलं घड्याळ रात्रभर झगमगत असेल, तर तो लेप नंतर लावलेला आहे. कदाचित सर्व्हिसिंगच्या वेळी प्रामाणिकपणेच लावला असेल, पण मग विक्रेत्याने ते सांगायला हवं आणि किंमत उतरवायला हवी.

मशीनचे ठोकेही वय सांगतात. सुरुवातीच्या स्पीडमास्टरमधलं ३२१ क्रमांकाचं मशीन तासाला १८,००० ठोके देतं, म्हणजे सेकंदाला पाच. १९६८ मध्ये आलेलं ८६१ देतं २१,६००, म्हणजे सेकंदाला सहा. टाइमग्राफर नावाचं छोटं यंत्र मायक्रोफोनने टिकटिक ऐकून हा वेग लगेच दाखवतं. १९६५ चं स्पीडमास्टर सेकंदाला सहा ठोके देत असेल, तर आतलं मशीन दुसऱ्याच घड्याळाचं.

आपल्याकडच्या जुन्या बाजारांतली घड्याळं पाहताना तबकडीकडे जास्त लक्ष द्यावं. जुन्या स्विस घड्याळांच्या तबकड्या नव्याने, भडक रंगांत रंगवून विकण्याचा उद्योग इथे इतका चालतो, की परदेशी संग्राहकांनी अशा घड्याळांना 'मुंबई स्पेशल' असं नावच दिलंय. दहापट भिंगाखाली मूळ छपाईच्या कडा रेखीव दिसतात, पुन्हा रंगवलेल्या अक्षरांच्या बहुधा जाड आणि पसरट.

पैसे देण्याआधी विक्रेत्याकडे तीन गोष्टी मागाव्यात: मागचं झाकण काढून घेतलेला मशीनचा फोटो, टाइमग्राफरच्या पडद्याचा फोटो आणि अंधाऱ्या खोलीत अतिनील टॉर्च लावून, मग विझवून घेतलेला व्हिडिओ. झाकण काढायचं काम जाणकार घड्याळजीकडूनच करून घ्यायला सांगावं, कारण आत रेडियमची धूळ असू शकते.