तुरटी आणि क्लोरीन: एकाचं काम दुसऱ्याकडून होत नाही

जुलैत नळाला गढूळ पाणी आलं की सोसायटीच्या ग्रुपवर दोन सल्ले हमखास येतात: तुरटी फिरवा, नाहीतर क्लोरीनच्या गोळ्या टाका. जणू दोन्ही एकच औषध.

मातीच्या बारीक कणांवर ऋण भार असतो. ते एकमेकांना ढकलत राहतात, म्हणून दिवसचे दिवस तळाशी बसत नाहीत. तुरटीतलं अ‍ॅल्युमिनियम हा भार मोडतं, कण एकमेकांना चिकटून गुठळ्या होतात आणि खाली बसतात. किती तुरटी लागेल हे मात्र अंदाजाने ठरत नाही. जलशुद्धीकरण प्लांटच्या लॅबमध्ये ओळीने लावलेल्या बीकरांत वेगवेगळी मात्रा घालून आधी जोरात, मग हळू ढवळतात आणि कुठलं पाणी लवकर निवळतं ते बघतात. ही जार टेस्ट. मात्रा फार वाढली तर कणांवर उलटा भार चढतो आणि पाणी पुन्हा गढूळच राहतं. मे महिन्याची मात्रा जुलैत चालत नाही ती म्हणूनच.

गाळाबरोबर बरेच जंतू खाली जातात, पण मरत नाहीत. मारायला क्लोरीन लागतं, आणि क्लोरीनला वेळ द्यावा लागतो, साधारण अर्धा तास. मुंबईला पाणी देणाऱ्या भांडुप संकुलातल्या जुन्या शुद्धीकरण केंद्राची क्षमता दिवसाला १९१० दशलक्ष लिटर. एवढं पाणी अर्धा तास थांबवायचं तर जवळपास ४ कोटी लिटरची जागा हवी. त्यातही टाकीत आडव्या भिंती नसल्या तर काही पाणी सरळ वाट काढून पाच-दहा मिनिटांतच बाहेर पडतं. कागदावरचा अर्धा तास खरा किती, हे पाण्यात मीठ किंवा तत्सम काही सोडून, ते बाहेर कधी येतं ते बघून मोजावं लागतं. माझ्या मते प्लांटची खरी परीक्षा इथे होते, पाणी किती नितळ दिसतं यात नाही.

क्रम उलटा चालत नाही. गढूळ पाण्यात क्लोरीन आधी मातीतल्या सेंद्रिय घाणीवर खर्च होतं आणि कणांच्या आड दडलेले जंतू सुटतात. क्रिप्टोस्पोरिडियम हा जुलाब घडवणारा परजीवी तर नेहमीच्या क्लोरीनलाही दाद देत नाही. तो गाळणीतच अडवावा लागतो. १९९३ मध्ये अमेरिकेतल्या मिलवॉकीत त्याने सुमारे ४ लाख लोक आजारी पडले, तेही शुद्धीकरण केंद्रातून आलेल्या पाण्याने.

म्हणून मोजमापंही दोन. भारतीय मानकात गढूळपणा १ एनटीयूपर्यंत (एनटीयू हे गढूळपणा मोजायचं एकक) असावा, पर्यायी स्रोत नसेल तर ५ पर्यंत चालतो. शिल्लक क्लोरीन, म्हणजे जंतू मारून पाण्यात उरलेलं, लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम हवं. ही शिल्लक मुंबईत फार मोलाची, कारण पाणी ठरावीक वेळच येतं; एरवी रिकाम्या पाइपात गळक्या सांध्यातून बाहेरची घाण शिरू शकते.

गच्चीवरच्या तापलेल्या टाकीत क्लोरीन लवकर उडतं. डीपीडीची, म्हणजे क्लोरीन असेल तर पाणी गुलाबी करणारी तपासणीची गोळी नमुन्यात टाकल्यावर पालिकेच्या जोडणीचं पाणी गुलाबी झालं आणि गच्चीवरचं झालं नाही, तर आधी आपल्याच टाकीचं झाकण उघडून बघा.