पर्रा गावची मोठी कलिंगडं गेली कुठे

मनोहर पर्रीकरांनी सांगितलेली कलिंगडांची गोष्ट व्हॉट्सअॅपवर बऱ्याच जणांनी वाचली असेल, पण फॉरवर्ड करताना सगळ्यांचं लक्ष शेवटच्या बोधावर असतं आणि बियाण्याचा भाग राहूनच जातो. मला तर तोच खरा महत्त्वाचा वाटतो.

पर्रा म्हणजे गोव्यात बार्देश तालुक्यात, म्हापशाजवळ. इथली कलिंगडं मोठी म्हणून नावाजलेली. पर्रीकर सांगायचे की मे महिन्यात हंगाम संपला की शेतकरी गावातल्या पोरांना बोलावून कलिंगडं खायची स्पर्धा ठेवायचा, हवी तेवढी खा, फक्त बी चावायची नाही, भांड्यात थुंकायची. आणि स्पर्धेला तो सगळ्यात चांगली फळं काढायचा. पुढच्या वर्षीचं बियाणं हेच! पर्रीकर आयआयटी मुंबईला गेले, साडेसहा वर्षांनी गावी परतले तर बाजारात एवढीएवढीशी कलिंगडं. शेत आता त्या शेतकऱ्याच्या मुलाकडे होतं. मोठी फळं बाजारात जास्त पैसे देतात म्हणून तो ती विकायचा, स्पर्धेला बारकी ठेवायचा, बी त्यांचंच पेरायचा. सात वर्षांत वाण संपला.

सातच वर्षांत कसं काय, तर कलिंगडाची पिढी एका वर्षाची, म्हणजे सात वर्षांत सात वेळा उलटी निवड झाली. शिवाय एकाच वेलावर नर फुलं वेगळी, मादी फुलं वेगळी, परागकण नेणार मधमाशी, म्हणजे फळाची आई आपल्याला माहीत असते पण बाप शेजारच्या शेतातलाही असू शकतो. आसपास शुगर बेबीसारखा दुसरा वाण किंवा एखादं हायब्रिड लावलेलं असेल तर जुना वाण तुमच्या नकळत मिसळतो, फळ दिसायला तसंच असतं, फरक कळतो तो पुढच्या वर्षी. आणि त्या स्पर्धेत एक नाही, पुष्कळ फळं फुटायची, म्हणजे बी अनेक वेलांचं यायचं, वाण टिकायला हे फार लागतं, म्हाताऱ्याची पद्धत खरंच पक्की होती.

आजही घरातल्या एखाद्या डब्यात जुनं बी सापडलं तर वाण राखता येतो. उद्या उमलणारी कळी आदल्या संध्याकाळी पिवळसर दिसते, मादी कळीखाली बारकं कलिंगड असतंच, तिच्यावर आणि एका नर कळीवर कापडी पिशवी बांधायची, सकाळी नर फुलाच्या पाकळ्या काढून ते मादी फुलात हलकेच फिरवायचं, परत पिशवी बांधायची, देठाला खुणेचा दोरा. देठाजवळची बाळी, म्हणजे वेलाचा गुंडाळलेला तंतू, पूर्ण वाळली आणि जमिनीकडचा डाग पिवळा झाला की फळ काढायचं. बी धुऊन सावलीत वाळवायची, घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवायची.

आपल्याकडे नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्याच्या राहीबाई पोपेरेंनी गावठी भाज्यांचं बियाणं असंच घरात जपलं, त्यांना पद्मश्री जाहीर झाली ती 2020 मध्ये. कायदाही शेतकऱ्याच्या बाजूने आहे, 2001 च्या वाण संरक्षण कायद्यात स्वतःचं बी राखायचा, पेरायचा, देवाणघेवाण करायचा हक्क आहे आणि शेतकऱ्याला स्वतःचा वाण नोंदवताही येतो. दिल्लीला एनबीपीजीआर या सरकारी संस्थेची राष्ट्रीय जीनबँक, म्हणजे बियाण्यांची पेढी आहे, तिथे असं बी थंडीत वर्षानुवर्षं टिकतं. फक्त सगळं बी एकाच ठिकाणी देऊन टाकू नका, अर्धं गावातच दोन-तीन घरांत वाटून ठेवा.