निद्रा आणि अपस्मार

अपस्मार (फेफरे, मिरगी, बोलीभाषेत आकडी किंवा फिट) आणि झोप यांचा परस्परसंबंध दुहेरी आहे : जागरणाने झटके वाढतात आणि झटक्यांनी झोप मोडते. चरकसंहितेने (काळ अनिश्चित) निद्रेला शरीराच्या तीन उपस्तंभांत स्थान दिले असून निदानस्थानात अपस्मारावर स्वतंत्र अध्याय आहे. ॲरिस्टॉटलने तर एका अर्थी झोप म्हणजेच अपस्मार, असे म्हटले होते.

मोजमाप आले ते एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. लंडनचे विल्यम गॉवर्स यांनी ८४० रुग्णांची नोंद केली : सुमारे २१% रुग्णांना झटके फक्त रात्री, ४२% रुग्णांना फक्त दिवसा आणि बाकीच्यांना दोन्ही वेळी येत. जर्मन तज्ज्ञ डीटर यांत्स यांनी १९६२ मध्ये मोठ्या (शुद्ध हरपून सर्वांग आखडणाऱ्या) झटक्यांचे झोपेतील, जागे होतानाचे व विखुरलेले असे तीन गट केले. घड्याळापेक्षा झोप-जागेच्या चक्राला महत्त्व देणारी ही विभागणी अधिक उपयोगी ठरते. किशोरवयीन मायोक्लोनिक (स्नायूंना क्षणिक हिसके देणाऱ्या) अपस्मारात उठल्याउठल्या हात झटकतात, चहाचा कप उडतो. आदल्या रात्रीचे जागरण हे त्याचे ठळक निमित्त असते.

नॉन-रेम (गाढ झोपेचाही समावेश असलेल्या) झोपेत मेंदूतील पेशी एका लयीत चालतात, त्यामुळे विकृत विद्युत्-लहरी सहज पसरतात. रेम झोपेत (डोळ्यांच्या जलद हालचालींच्या, स्वप्नांच्या टप्प्यात) ही लय विस्कटते आणि झटके क्वचितच येतात. निद्रातर्कू (झोपेतील लहरींचे छोटे झुबके) निर्माण करणारे थॅलॅमस-बाह्यक मंडलच (मेंदूच्या आतील थॅलॅमस व बाहेरील थर यांना जोडणारे) अपस्मारातील शूल-लहरी (टोकदार विद्युत्-लहरी) निर्माण करते, हे मेंदूतज्ज्ञ ग्लूर यांचे मत बराच काळ प्रमाण मानले गेले. पुढे त्यावर शंका घेण्यात आल्या. जागरण स्वतःच झटका आणते की नंतरच्या गाढ झोपेमुळे तसे घडते, हेही वादग्रस्त आहे. रुग्णालयात देखरेखीखाली केलेल्या २००२ च्या एका अभ्यासात औषधांना न जुमानणाऱ्या केंद्रीय (मेंदूच्या एका भागातून उगम पावणाऱ्या) अपस्मारात जागरणाने झटके वाढल्याचे दिसले नाही. हा निष्कर्ष किशोरवयीन प्रकाराला लावू नये.

सर्वांत लांबलेला वाद इटलीतील बोलोन्याचा. १९८१ मध्ये लुगारेझी व सिरिन्योत्ता यांनी झोपेत हातपाय जोराने फेकणाऱ्या, अंग पिळवटणाऱ्या रुग्णांचे वर्णन 'निद्राजन्य आकस्मिक डिस्टोनिया' (डिस्टोनिया म्हणजे स्नायू आखडून अंग पिळवटणे) या नावाने केले. डोक्याच्या त्वचेवरून घेतलेला ईईजी (मेंदूच्या विद्युत्-लहरींचा आलेख) बहुधा निर्दोष निघत असल्याने हा अपस्मार की निद्राविकार, हे ठरेना. लहान मात्रेतील कार्बामाझेपिन या अपस्माराच्या औषधाचा गुण, पुढील ईईजी नोंदी आणि १९९५ मध्ये एका कुटुंबात सापडलेले निकोटिनिक ग्राहीच्या (चेतापेशींवरील एका संदेशग्राहक प्रथिनाच्या) जनुकातील उत्परिवर्तन यांमुळे पारडे अपस्माराकडे झुकले. मग 'रात्रीचा ललाटखंडीय (मेंदूच्या पुढच्या भागातला) अपस्मार' हे नाव रूढ झाले. २०१४ च्या बोलोन्या परिषदेत तेही बदलून 'निद्रासंबद्ध अतिचालक अपस्मार' असे झाले, कारण संबंध रात्रीशी नसून झोपेशी आहे आणि उगम ललाटखंडाबाहेरही असू शकतो. हे नाव अधिक अचूक आहे. असे मूल 'रात्री घाबरते' एवढ्यावर समाधान मानून वर्षानुवर्षे उपचारांविना राहू नये.

उलट दिशेने, रात्रीच्या झटक्यानंतर रेम झोप घटते आणि दुसरा दिवस पेंगण्यात जातो. फेनोबार्बिटल, क्लोबाझाम या अपस्माराच्या औषधांनी सुस्ती येते. व्हॅल्प्रोएट या औषधाने वजन वाढून घोरणे व झोपेतील श्वासरोध बळावू शकतो. श्वासरोधावर सीपॅपचा (मुखवट्यातून दाबाने हवा देणाऱ्या यंत्राचा) उपचार केल्यावर काहींचे झटके कमी होतात.

अपस्मारातील अनपेक्षित आकस्मिक मृत्यू बहुधा झोपेत, अनेकदा पालथे पडलेल्या स्थितीत आढळतात. मोठ्या झटक्यांवर नियंत्रण नसलेल्यांना धोका अधिक असतो. खोलीत दुसरे कोणी झोपत असल्यास तो कमी दिसतो.