दांडा कोनाचा?

दिवाळीत भाचा पुण्याहून आला तो गाडीच्या डिक्कीत एक लांबलचक पिशवी घेऊन, आणि आल्या आल्या "मामा, नवीन क्लब घेतले, माझ्या मापाचे करून" म्हणाला तर ओसरीतल्या म्हाताऱ्यांचे कानच उभे झाले, कारण आमच्याकडे क्लब म्हणजे पत्त्याचा आणि तिथं गेलेल्या पोराचं वावर शिल्लक राहत नाही एवढंच सगळ्यांना माहीत. मग त्यानं पिशवीतून एकेक काठी काढून खाटेवर मांडली. गोल्फच्या काठ्या. मोजल्या तर चौदा. चौदाच्या वर पिशवीत ठेवता येत नाहीत असा नियमच आहे, अमेरिकेत 1938 ला आला आणि ब्रिटनमध्ये 1939 ला, त्याआधी लोक वीस-पंचवीस काठ्या न्यायचे आणि उचलणाऱ्या पोराची कंबर जायची. सेटची किंमत ऐकून माझी बायको काही न बोलता उठून आत गेली.

आमच्या गावातला वाढई तेव्हा अंगणातच बसलेला. सोयाबीन निघालं होतं, हरभऱ्याआधी वखरपाळी द्यायची होती आणि वखराचं रुमणं, म्हणजे धरायचा दांडा, हलून राहिलं होतं म्हणून बोलावलेला. त्यानं एक काठी उचलली, उलटीसुलटी केली, एक डोळा मिटून शाफ्टवरून, म्हणजे काठीच्या दांड्यावरून, नजर टाकली आणि विचारलं, "हा दांडा कोनाचा हाय?"

भाचा पुण्यात वाढलेला. तो म्हणाला, "साडेसाठ अंशाचा."

वाढयाला फक्त मालक कोण ते पाहिजे होतं! पण त्या उत्तरामुळे पुढचे दोन दिवस माझे त्या काठ्यांत गेले. मी ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवतो, कपड्याला माप लागतं, जोड्याला लागतं, पण काठीला माप कशाचं हे मलाच नीट माहीत नव्हतं.

तर साडेसाठ अंश म्हणजे काय. काठीचं लोखंडी हेड जमिनीवर सपाट टेकवलं की शाफ्ट जमिनीशी जो कोन करतो त्याला लाय म्हणतात. दुकानात रेडिमेड मिळते त्या सात नंबरच्या आयर्नचा, म्हणजे लोखंडी हेडच्या मधल्या काठीचा, लाय साधारण साडेबासष्ट अंश असतो. भाचा पाच फूट चार इंच. त्याचे हात खाली येतात, शाफ्ट आडवा होतो, आणि मग हेडचं बाहेरचं टोक, ज्याला टो म्हणतात, ते हवेत उचललं जातं आणि शाफ्टजवळची बाजू म्हणजे हील तेवढी जमिनीला लागते. दोन वर्षं याचा बॉल डावीकडे जात होता. ज्या दुकानातून पहिला सेट घेतला तिथला माणूस म्हणायचा, प्रॅक्टिस कमी पडते. (ड्रेस घट्ट झाला तर टेलर म्हणतो तुम्ही जाड झाले, तसंच.)

आता टो वर उचललं तर बॉल डावीकडे का जावा? हे समजायला ढोरांच्या कोठ्यावरचा टिनाचा पत्रा पाहा. पत्रा नीट उताराचा असेल तर पाणी सरळ वळचणीला पडतं. एका बाजूचा डांब वर उचलला की तेच पाणी तिरकं होऊन खालच्या कोपऱ्याकडे धावते. क्लबचा चेहरा, म्हणजे हेडची बॉलला लागणारी बाजू, तोही असाच कलता पत्रा आहे, त्या कलतेपणाला लॉफ्ट म्हणतात. टोची बाजू उचलली की चेहरा हीलच्या बाजूला पाहायला लागतो, आणि उजव्या हाताच्या खेळाडूसाठी ती बाजू डावी. भिंत मात्र पत्र्यासारखी नसते, तिला ढाळच नाही, ती स्वतःच्याच पातळीत कितीही फिरवा, तोंड त्याच दिशेला राहते. म्हणून लॉफ्ट जितका जास्त तितकी ही चूक मोठी.

मी रात्री हिशोब मांडला. लाय दोन अंश चुकला तर बॉल किती अंश वाकडा निघेल हे साधारण दोन गुणिले लॉफ्टचा टॅन. ड्रायव्हर म्हणजे सगळ्यात लांब मारायची काठी, तिचा लॉफ्ट दहा अंश, उत्तर येते 0.35 अंश, म्हणजे काहीच नाही. सात नंबरचा 32 धरला तर सव्वा अंश, 140 मीटरवर तीन मीटर. आणि 56 अंशाच्या वेजला, म्हणजे जवळून उंच मारायच्या काठीला, जवळपास तीन अंश, फक्त 70 मीटरच्या शॉटला साडेतीन मीटर. प्रत्यक्षात थोडं कमी भरते कारण बॉल काही पूर्णपणे चेहऱ्याच्याच दिशेनं निघत नाही, पण ज्या खेळात भोक 108 मिलिमीटरचं असते तिथं तीन मीटर म्हणजे फार झालं.

वाढयाला मी हे वखरावर सांगितलं. त्याला एका वाक्यात कळलं. रुमणं उंच माणसाच्या मापाचं असलं आणि ठेंगणा माणूस धरायला लागला की पास, म्हणजे वखराचं पातं, मातीत बरोबर बसत नाही, हे तो चाळीस वर्षं पाहून राहिला. पण पुढं त्यानं जे विचारलं ते मला सुचलं नव्हतं. "माप घेतलं त उभं राहून घेतलं का चालता चालता?"

खरी गोष्ट तीच आहे. फिटिंगला, म्हणजे काठीचं माप द्यायला, गेलं की सगळ्यात आधी उंची आणि मनगटापासून जमिनीपर्यंतचं अंतर घेतात. नुसती उंची उपयोगाची नाही, कारण उंच माणसाचे हातही बहुतेक लांबच असतात, त्यामुळे साडेपाच फुटाच्या आणि सहा फुटाच्या माणसाचं मनगट जमिनीपासून जवळपास सारख्याच उंचीवर येऊ शकते. पण हे झालं उभ्याचं माप. काठी फिरते तेव्हा सगळं बदलते. आघाताच्या वेळी हात सुरुवातीपेक्षा वर आलेले असतात. आणि 270 ग्रॅमचं हेड सेकंदाला 34 मीटरच्या वेगानं सव्वा मीटरच्या आसपास त्रिज्येच्या वर्तुळात फिरवलं तर ते बाहेर ओढते किती, mv²/r नं काढून पाहा, 25-26 किलोच्या वजनाएवढं. युरियाच्या अर्ध्या बॅगेपेक्षा जास्तच. या ओढीनं शाफ्ट खाली वाकते आणि टो जमिनीकडे झुकते. म्हणजे उभ्यानं टो वर दिसत असला तरी मारताना किती वर राहील हे उभ्यानं सांगताच येत नाही. भाच्याला उभ्याच्या मापावरून तीन अंश कमी लागतील असं निघालं होतं, मारून पाहिल्यावर दोनच लागले.

हे कसं पाहायचं ते त्यानं आम्हाला वावरात दाखवलं. त्यासाठी त्यानं जुनी सात नंबरची काठीही आणली होती. सोयाबीनची धसकटं थोडी साफ केली, माझ्याजवळचा व्हाइटबोर्ड मार्कर घेतला, बॉलवर जाड उभी रेघ ओढली आणि ती रेघ क्लबच्या चेहऱ्याकडे करून ठेवली. मारला. बॉल गेला धुऱ्यापलीकडच्या पऱ्हाटीत, पोरं धावली. आम्ही पाहिला क्लबचा चेहरा. मार्करची शाई चेहऱ्यावर उमटलेली, आणि रेघ तिरकी, वरचं टोक टोच्या बाजूला कललेलं. मग नवीन काठीनं तेच केलं. या वेळी रेघ चेहऱ्यावरच्या आडव्या खाचांना काटकोनात, अशी सरळ की मी खिशातला गुण्या लावून पाहिला असता. वाढयानं तर अंगठ्याच्या नखानं रेघेवरून ओढून पाहिलं. "आता बसला," म्हणाला. दहा पैशाच्या शाईत एवढं सगळं दिसते याचा मला जास्त आनंद झाला, कारण फिटिंगच्या दुकानात मागं डॉप्लर रडार लावलेलं असते, क्रिकेटमध्ये बॉलचा वेग मोजतात तीच विद्या, जवळ येणाऱ्या एसटीचा हॉर्न बारीक आणि दूर जाताना जाड ऐकू येतो ना, तसाच बॉलवरून परतलेल्या लहरीत फरक पडतो. डेन्मार्कच्या ट्रॅकमॅननं 2003 पासून गोल्फमध्ये हे आणलं. वेग, निघायचा कोन, बॉलची गिरकी, सगळं दिसते. चांगलंच आहे. पण लाय पाहायला मार्कर पुरते.

आणि मग कोन बदलायचा कसा? शिकंज्यात हेड घट्ट पकडतात, मानेला एक लोखंडी दांडा अडकवून वाकवतात. थंडच. भट्टी नाही, काही नाही. घडीव लोखंड मऊ, सहज ऐकते, ओतीव असेल तर मोजूनमापूनच, नाहीतर तडकते. हे ऐकून वाढई एवढा खूश झाला की "एवढ्याचेच पैसे घेतले का त्यायनं" असं तोंडावर विचारलं.

या सगळ्या मापाच्या धंद्याला ज्यानं शिस्त लावली तो कार्स्टन सोल्हाइम. 1911 चा, नॉर्वेतल्या बर्गनचा, लहानपणीच अमेरिकेत गेला, तरुणपणी जोडे दुरुस्तीचं दुकान चालवलं आणि पुढं जनरल इलेक्ट्रिकमध्ये इंजिनिअर झाला. 1959 मध्ये त्यानं पिंग कंपनी काढली, त्याच्या पटरचा, म्हणजे बॉल भोकात ढकलायच्या काठीचा, बॉलला लागल्यावर जो आवाज यायचा तेच नाव. नंतर त्याच्या कंपनीनं क्लबवर रंगीत ठिपके द्यायला सुरुवात केली, काळा म्हणजे स्टँडर्ड आणि बाकीचे रंग कमी-जास्त लायचे. पायाचा नंबर पाहून जोडा द्यायची सवय असलेल्या माणसालाच हे सुचावं असं मला उगाच वाटते.

आता शाफ्ट. इथं माझा थोडा वाद आहे. शाफ्ट किती लवचिक यावर अक्षरं असतात, आर म्हणजे रेग्युलर, एस म्हणजे स्टिफ वगैरे, आणि लोकांना वाटते की चिंचा झोडायच्या ओल्या बांबूसारखा शाफ्ट मागं वाकतो आणि ऐनवेळी सटकन सुटून बॉलला जोर देतो. वाकतो हे खरं. पण आघाताच्या वेळेपर्यंत तो उलट पुढं वाकलेला असतो, कारण हेडचं गुरुत्वमध्य शाफ्टच्या रेषेत नसून थोडं मागं असते आणि ती अर्ध्या बॅगेची ओढ ते मध्य रेषेत आणायला पाहते. त्यामुळे लॉफ्ट थोडा वाढतो, बॉल थोडा उंच निघतो. जोर मात्र त्यानं फारसा वाढत नाही. आणि बॉल चेहऱ्यावर टिकतो फक्त अर्धा मिलिसेकंद, तेवढ्यात हेड दोन सेंटिमीटर पुढं सरकते, आपल्या हातांना धक्का कळेपर्यंत बॉल निघून गेलेला असतो. वर ही अक्षरं सगळ्या कंपन्यांची एकसारखी नाहीत, एकाचा आर तो दुसऱ्याचा एस. म्हणून अक्षरावर पैसे देऊ नये, मारून पाहावं.

पूर्वी शाफ्ट हिकरीच्या लाकडाचे असायचे, स्टीलला ब्रिटनमध्ये 1929 ला परवानगी मिळाली. आणि मोठ्या क्लबांची हेडं पर्सिमनच्या लाकडाची, 1979 पासून लोखंडी आली तरी नाव अजून वूडच. वाढयाला मी सांगितलं की पर्सिमन म्हणजे आपल्या तेंदूच्या जातीचंच झाड, दोघंही डायोस्पायरॉस. त्याचा विश्वास बसेना. ज्याच्या पानाच्या बिड्या वळतात आणि ज्याची टेंभरं पोरं उन्हाळ्यात खातात त्याच्या भाऊबंदाच्या लाकडानं साहेब लोक जवळपास शंभर वर्षं बॉल मारत होते!

ग्रिपची जाडी, वजनाचा तोल हेही मोजतात. तोलाचं एक सांगतो, एकाच वजनाच्या दोन कुऱ्हाडी हातात वेगळ्या लागतात कारण वजन किती यापेक्षा ते मुठीपासून किती दूर आहे याला भाव जास्त, आणि फिरवताना तर ते अंतर वर्गानं मोजावं लागते. दांडा जरा वाढवला की हेड एकदम जड वाटते ते यामुळे. लांब काठीनं वेग मिळतो, पण बॉल चेहऱ्याच्या मध्यावर लागणं अवघड होते. भाच्याच्या काठ्या अर्धा इंच कमी केल्या तर बॉल उलट लांब जायला लागला, कारण आता मधोमध लागून राहिला.

हे सगळं चाललं असताना बायको चहा घेऊन आली आणि उभ्या उभ्या ऐकत राहिली. मग कोठ्यातून फावडं आणून वाढयासमोर टाकलं. दांडा धावड्याचा, माझ्या मापाचा, वापरते ती. वीस वर्षं झाली. मी पाच फूट दहा, ती पाचच्या आत.

वाढयानं तिला माती ओढायला लावली. तिनं चार वेळा ओढली. त्यानं खडूनं खूण केली, तिला परत ओढायला लावली, खूण दोन बोटं खाली सरकवली, आणि करवतीनं वीतभर तुकडा काढून टाकला. वरचं टोक कानसीनं गोल केलं. तिनं एकदा ओढून पाहिलं आणि फावडं घेऊन सरळ परसात गेली, वांग्याच्या वाफ्यात.

उरलेला तुकडा वाढयानं तासून वखराच्या रुमण्याला पाचर म्हणून ठोकला. आता ते हलत नाही.