दायमाबादची कांस्यशिल्पे

दायमाबाद (प्रवरेकाठी, ता. श्रीरामपूर, जि. अहिल्यानगर, पूर्वीचा अहमदनगर) येथे 1974 मध्ये सापडलेली चार भरीव धातुशिल्पे. बैलगाडी हाकणारा माणूस, हत्ती, गेंडा आणि रेडा अशी ही चार शिल्पे असून त्यांचे एकत्रित वजन 60 किलोहून अधिक भरते. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात या ठेव्यातील शिल्पे पाहायला मिळतात. ताम्रपाषाणयुगीन दख्खनमध्ये तांबे दुर्मीळ होते. रोजची बरीचशी कामे दगडी पात्यांवरच भागत. प्रवरेच्याच काठी जोर्वे येथे मिळालेल्या चपट्या कुऱ्हाडींसारख्या वस्तू हेच तेव्हाचे मोठे धन. अशा काळात एवढी धातू चार शिल्पांत ओतली गेली, ही या ठेव्याची सर्वांत थक्क करणारी बाब आहे.

सर्वांत लक्षवेधी शिल्प गाडीचे. त्याची लांबी सुमारे 45 सेंमी. जू खांद्यावर घेतलेले दोन बैल, लांबलचक दांडी, दांडीवर उभा असलेला लहानसा कुत्रा आणि मागे उभ्याने गाडी हाकणारा पुरुष, असा सगळा प्रसंग त्यात आहे. बैलांचे सडपातळ अंग आणि गाडीवानाचा ताठ पवित्रा घडवणाऱ्याने रोजच्या पाहण्यातून उचललेला वाटतो. रेडा चौथऱ्यावर उभा असून चौथऱ्याला चार भरीव चाके आहेत. गेंड्यालाही चाके आहेत. हत्तीच्या चौथऱ्याखाली आस बसवण्याची सोय दिसते, पण आस आणि चाके हरवली आहेत. इतकी जड शिल्पे मुलांची खेळणी असणे कठीण. ती मिरवणुकीत ओढून नेत असावीत, हे पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकरांचे मत अधिक पटते. विदर्भात तान्ह्या पोळ्याला मुले चाकांचे लाकडी बैल ओढतात, त्याची इथे आठवण होते. मात्र दोहोंत परंपरेचा धागा जोडण्यास काही आधार नाही.

ही शिल्पे उत्खननात मिळाली नाहीत. एका स्थानिक भिल्ल शेतकऱ्याला ती जमीन खणताना लागली. त्यामुळे ती कोणत्या थरातली हे थेट सांगता येत नाही, आणि काळाचा सगळा वाद याच उणिवेतून उभा राहिला. हे स्थळ 1958 मध्ये भा. पु. बोपर्डीकरांनी शोधले होते. तेथे प्रथम म. न. देशपांडे यांनी, शिल्पे मिळाल्यावर शि. रं. राव यांनी आणि पुढे 1979 पर्यंत शां. अ. साळी यांनी उत्खनन केले. सावळदा, उत्तर हडप्पा (हडप्पा संस्कृतीचा अखेरचा काळ), दायमाबाद, माळवा आणि जोर्वे असे वस्तीचे पाच टप्पे त्यांतून स्पष्ट झाले.

राव व साळी यांनी शिल्पे उत्तर हडप्पा काळातील (सुमारे इ. स. पू. 2000–1800) मानली. त्या थरात सिंधू लिपीची चिन्हे असलेल्या मुद्रा आणि खापरे मिळाली आहेत. गेंडा आणि हत्ती हे प्राणी सिंधू मुद्रांवरही आढळतात, हा या मताला बळ देणारा मुद्दा. उलट, ध. पा. अगरवाल यांनी धातूच्या पृथक्करणावर बोट ठेवले. शिल्पांत आर्सेनिक एक टक्क्याहून अधिक आहे आणि इतर ताम्रपाषाणयुगीन वस्तूंत आर्सेनिकचा असा वापर दिसत नाही, म्हणून ती बरीच उत्तरकालीन असावीत अशी शंका त्यांनी मांडली. हडप्पा संस्कृतीच्या काही वस्तूंत मात्र आर्सेनिक आढळते, त्यामुळे एवढ्यावरून निकाल लागत नाही. उत्तर हडप्पा हा काळ आज बऱ्याच अभ्यासकांना मान्य आहे, पण संग्रहालयातील फलकावरचा काळ वाचताना तो तर्काने ठरवलेला आहे हे लक्षात ठेवावे लागते.