सांस्कृतिक क्रांती आणि चिनी समाज

सांस्कृतिक क्रांती आणि चिनी समाज : माओ त्से-तुंग (१८९३–१९७६) याने पक्षातील व समाजातील ‘भांडवलशाही’ प्रवृत्ती उखडण्याच्या नावाखाली १९६६ मध्ये छेडलेल्या राजकीय मोहिमेचे चिनी समाजजीवनावर झालेले परिणाम. मोहिमेचा आरंभ सामान्यतः १६ मे १९६६ च्या पक्षपरिपत्रकापासून धरतात. काही अभ्यासक तो इतिहासकार वू हान याच्या नाटकावर नोव्हेंबर १९६५ मध्ये आलेल्या टीकालेखापर्यंत मागे नेतात. शेवटाविषयी मतभेद अधिक आहेत. चिनी साम्यवादी पक्षाच्या १९८१ च्या ठरावाने १९७६ पर्यंतचे संपूर्ण दशक एकच कालखंड मानले. काही पाश्चात्त्य अभ्यासक मात्र एप्रिल १९६९ मधील नवव्या पक्ष-अधिवेशनाशी थांबतात. सामाजिक इतिहासासाठी पहिली कालमर्यादा सोयीची, कारण शिक्षणाची वाताहत आणि तरुणांची ग्रामीण भागात रवानगी १९६९ नंतरही चालूच होती.

समाजाची खरी फाळणी झाली ती वर्गमूळावरून, म्हणजे कुटुंबाच्या मूळ सामाजिक वर्गावरून. १९५० च्या सुमारास भूसुधारणेत प्रत्येक कुटुंबाला जमीनदार, श्रीमंत शेतकरी, गरीब शेतकरी अशी वर्गवारी मिळाली होती. ती बापाकडून मुलांकडे येई. जमीन जाऊन दीड दशक लोटले तरी जमीनदाराचा नातू कागदोपत्री जमीनदारच. १९६६ च्या उन्हाळ्यात ‘बाप वीर तर पोर शूर, बाप प्रतिगामी तर पोर हरामखोर’ अशा अर्थाचे द्विपदी वचन बेजिंगच्या शाळांतून गाजू लागले. ऑगस्टच्या अखेरीस बेजिंगजवळच्या दाशिंग परगण्यात अशा ‘काळ्या’, म्हणजे जमीनदार वगैरे वर्गशत्रू ठरवलेल्या, कुटुंबांतील ३२५ जणांची हत्या झाली; त्यांत तान्ही मुलेही होती. जन्मावरून माणूस जोखण्याच्या या रीतीवर यू लुओके या तरुण कामगाराने लेख लिहिला. त्याला ५ मार्च १९७० रोजी देहदंड देण्यात आला. जमीनदार व श्रीमंत शेतकरी हे शिक्के १९७९ मध्ये पुसण्यास सुरुवात झाली.

लाल रक्षकांतील (माओच्या पाठिंब्याने उभ्या राहिलेल्या विद्यार्थी-तरुणांच्या संघटनांतील) गटबाजीचे मूळही वर्गमूळातच होते का, हा वादाचा विषय आहे. ग्वांगजोच्या माध्यमिक शाळांवरील अभ्यासांतून तसे दिसते. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ अँड्र्यू वॉल्डर याने बेजिंगच्या विद्यापीठांचा पुरावा तपासून ते अमान्य केले; त्याच्या मते मोहिमेच्या पहिल्या काही आठवड्यांत कोणी कोणती बाजू घेतली, त्यावरून गट पडले. शाळांपुरते पहिले मत ग्राह्य वाटते. मृत्यूंचे अंदाज काही लाखांपासून वीस लाखांपर्यंत आहेत. परगण्यांच्या स्थानिक इतिवृत्तांवरून पाहता बहुतेक बळी लाल रक्षकांचे नसून सुव्यवस्था आणण्याच्या नावाखाली लष्कर व क्रांतिकारी समित्यांनी (मोहिमेच्या काळात स्थापन झालेल्या नव्या प्रशासकीय मंडळांनी) केलेल्या दडपशाहीचे होत.

विद्यापीठांची राष्ट्रीय प्रवेशपरीक्षा १९६६ मध्ये बंद पडली. ती डिसेंबर १९७७ मध्ये पुन्हा झाली, तेव्हा सुमारे ५७ लाख उमेदवार बसले आणि पावणेतीन लाखांच्या आसपास निवडले गेले. दरम्यान शहरी तरुणांना खेड्यांत धाडण्याच्या मोहिमेला डिसेंबर १९६८ च्या आदेशाने वेग आला. १९६२ पासूनचे मिळून त्यांची संख्या सुमारे १ कोटी ७० लाख भरते. याच काळात खेड्यांत शाळा वाढल्या व ‘अनवाणी डॉक्टरां’मुळे (अल्पकाळ प्रशिक्षण दिलेल्या गावकरी आरोग्यसेवकांमुळे) प्राथमिक उपचार पोहोचले.

तिबेटमध्ये मठांची, तर शिनजियांगमध्ये मशिदींची मोठी हानी झाली.